बंद घरांची सरासरी

सेवापुस्तकातील वर्णन असे: पद, गणक, गळती विभाग, शहर पाणीपुरवठा. वय, सत्तेचाळीस वर्षे पूर्ण. उंची, मध्यम. बांधा, पदास साजेसा. ओळखचिन्ह, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेन्सिलीचा घट्टा. दुसरे ओळखचिन्ह शोधूनही आढळले नाही. सेवा, तेवीस वर्षे, अखंड. शैक्षणिक अर्हता, उपयोजित गणितातील पदवी, द्वितीय वर्ग. अर्हतेचा पदावर उपयोग होतो काय: होय.

या 'होय'पुढे साहेबाची सही आहे. साहेब दर वर्षी मार्चात अशा चाळीस 'होय'पुढे सही करतो आणि मग जेवायला जातो.

काम काय, तर वजाबाकी. टाकीतून महिन्याला किती पाणी सुटलं याचा एक आकडा यायचा. घरोघरच्या मीटरांवर किती पाणी लागलं याचा दुसरा यायचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरते ती गळती. ही वजाबाकी तिसरीतल्या पोरालाही येते, पण तिसरीतल्या पोराला नेमायची सोय नियमावलीत नव्हती. कधीकाळी कुणा उत्साही अधिकाऱ्याने नियमावलीत 'गणक हा उपयोजित गणिताचा पदवीधर असावा' अशी एक ओळ घातली होती. तो अधिकारी बदलून गेला, ओळ राहिली, आणि तिच्या आधाराने या गृहस्थाला नोकरी लागली. नळांच्या जाळ्यातला दाब कसा काढावा यावर त्याने शेवटच्या वर्षी प्रबंध लिहिला होता. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने तो तेव्हाच्या साहेबापुढे ठेवला. साहेब म्हणाला, "वा, छान. ठेवा." कुठे ठेवा ते साहेबाने सांगितलं नाही, म्हणून तो घरी आहे.

कचेरीत त्याला 'दशांश' म्हणत. किती वाजले विचारलं तर तो 'अकरा वाजून सतरा' असं सांगे, 'सव्वाअकरा' कधीच नाही. चहा कसा झालाय विचारलं तर 'कालच्यापेक्षा बरा, परवाच्यापेक्षा नाही.' माणसं हसत. पण कुणाला पगारातली कपात तपासून घ्यायची असली, की त्याच्याच टेबलाशी येत. दशांशने एकदा बघितलं म्हणजे झालं. तो चुकत नाही आणि खोटं सांगत नाही, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि त्याचा कुणाला फारसा उपयोग नाही, हेही.

त्याच्या कामात वजाबाकीखेरीज आणखी एक गोष्ट होती, ती बंद घरांची. मीटरवाचक गल्लीगल्लीतून फिरायचे आणि जिथे दार बंद असेल तिथे आकड्याच्या जागी 'कुलूप' लिहून आणायचे. सहातलं एक घर तरी कुलूप असायचं. परिपत्रक होतं: बंद घराचा वापर त्याच गल्लीतल्या उघड्या घरांच्या सरासरीइतका धरावा. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याने यावर दोन पानी टिपण लिहिलं होतं. बंद घर बंद का आहे हे ठाऊक नसताना त्याला उघड्या घरासारखं मानणं ही ढोबळ चूक आहे, असं त्यात उदाहरणांसह दाखवलं होतं. टिपण तीन टेबलं फिरून परत आलं. समासात लाल शाईत लिहिलं होतं, 'नियमाप्रमाणे करावे.' त्याने नियमाप्रमाणे केलं. तेवीस वर्षं, दर महिन्याला, हजारभर कुलपं. इतकी वर्षं एकच गोष्ट केली की हात ती डोक्याला न विचारता करायला लागतो.

त्याचं लग्न झालं नव्हतं. एक धाकटी बहीण होती. दोन गल्ल्या पलीकडे तिची एक खोली, आणि खोलीच्या रस्त्याकडच्या खिडकीत शिलाईचं मशीन. लोकांचे घट्ट झालेले कपडे सैल करायचे आणि सैल झालेले घट्ट. तिचा नवरा क्रेन चालवायचा. दोन वर्षांपूर्वी तो वरून पडला. भरपाई आली. तिला एक मुलगी. नऊ वर्षांची असताना ती मामाकडे एक कागद घेऊन आली होती. चार भोकांचं बटण, प्रत्येक भोकात दोरा गेलाच पाहिजे, तर किती तऱ्हांनी शिवता येईल? तिने अडतीस तऱ्हा काढून आणल्या होत्या. मामाने मोजल्या, त्या एक्केचाळीस निघाल्या. 'तीन राहिल्या' एवढंच तो म्हणाला, कुठल्या ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी ती त्या तीन घेऊन दारात उभी. त्या दिवसापासून ती 'बटण' झाली. मामाने त्यापुढची नऊ वर्षं दर रविवारी तिला गणित शिकवलं, आणि आठवड्याचे बाकीचे सहा दिवस तो रविवारची वाट बघत असे. हे सेवापुस्तकात नाही.

बटण बारावीची परीक्षा पास झाली. गणितात शंभरातले अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात उपयोजित गणिताच्या पदवीला तिला जागा मिळाली. तीन आठवड्यांत पैसे भरायचे, नाही तर जागा पुढच्याला. त्याच सुमारास कोपऱ्यावरच्या दातांच्या कारखान्याच्या मालकाने बहिणीला विचारलं होतं. दंतवैद्य जी कवळी, जे दात बसवतात, ते तिथे बनत. मालकाला लोक दातवाले म्हणत. ते एक शिकाऊ मुलगी शोधत होते. हात बारीक आणि नजर पक्की हवी. शिकायचे पैसे आधी भरायचे, पण पदवीपेक्षा थोडे, सातव्या महिन्यापासून पगार, तीन वर्षांचा करार.

बहिणीने भावाला बोलावलं. मशीनवर कुणाची तरी पँट उलटी पडली होती.

"दादा, तू शिकलायस तेच हिला शिकायचंय. तूच सांग, पाठवू का?"

"मला थोडे दिवस दे."

"कशाला?"

"आकडे काढतो."

"मनातलं सांग की."

"मनातलंच बाजूला ठेवायला हवं. ते आधीपासून तिच्या बाजूचं आहे."

बहिणीने दोरा तोडला. "नीट काढ मग. पैसे एकदाच आलेत. आणखी पैशांसाठी पाडायला माझ्याकडे दुसरा नवरा नाही."

बटण भिंतीला टेकून उभी होती. तिला मामाच्या आकड्यांवर विश्वास होता. तिला विश्वास ठेवायला शिकवलंच त्याने होतं.

आता त्याला 'हो' म्हणायचं होतं, हे समजून घेतलं पाहिजे. त्याला ते इतकं म्हणायचं होतं, की त्याला स्वतःचीच भीती वाटली. आपल्या आयुष्यात जे झालं नाही ते पोरीच्या आयुष्यात घालायला निघालेले मामा त्याने पाहिले होते. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. म्हणून त्याने ठरवलं, आपलं मत नको, पुरावा हवा. त्याच्या वर्गात बत्तीस जण होते. नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी सगळ्यांचे पत्ते जमवले होते, ती यादी त्याच्याकडे होती. त्याने एकतीस पत्रं लिहिली, प्रत्येकासोबत उत्तराचं कार्ड, तिकीट लावून. तीन प्रश्न. काय करतोस किंवा करतेस? महिन्याला किती मिळतात? पुन्हा हाच विषय घेशील का? फोन त्याने मुद्दाम टाळला. त्याचं म्हणणं, फोनवर माणूस पगार वाढवून सांगतो; लिहिताना हात आखडतो. स्वतःला त्याने मोजणीत धरलं नाही. आपली नोकरी पदवीने लागलेली नसून नियमावलीतल्या एका ओळीने लागलेली आहे, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

बारा दिवसांत चौदा कार्डं आली.

तिघं शिकवण्या घेत होते. म्हणजे गणित शिकून ते गणित शिकवत होते, आणि कशासाठी शिकवत होते हे त्यांना कुणी विचारायचं नसतं. एकाचं फरशांचं दुकान होतं. त्याने लिहिलं, 'खोलीला किती फरशा लागतील ते मी तोंडी सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं, टेप लावून दाखवा.' एकजण गोदामात पावत्या फाडत होता. एकीने कार्डाला चार पानं जोडली होती. चारही पानांत पगार नव्हता, तो शेवटी कार्डाच्या कोपऱ्यात उभा लिहिला होता. एकाने लिहिलं, 'तुझं पत्र आलं, फार बरं वाटलं. मी दिवसभर घरीच असतो.' ही ओळ त्याने वाचली आणि कमाईच्या रकान्यात शून्य लिहिलं. पुन्हा हाच विषय घेशील का, याला तिघं 'हो' म्हणाले, नऊ 'नाही' म्हणाले, एकाने जागा कोरी सोडली आणि एकाने लिहिलं, 'कोण, मी?'

मग तो हिशेबाला बसला. बहिणीची महिन्याची कमाई हे त्याने एक माप धरलं, कारण तिला कळणारं तेवढंच माप होतं. पदवीची फी, राहणं, जेवण: तीन वर्षांची मिळून छत्तीस मापं. त्या तीन वर्षांत पोरगी आईच्या हाताखाली बसून जे कमावू शकली असती, ते आणखी छत्तीस. एकूण बहात्तर. चौदा जणांची सरासरी कमाई महिन्याला एक पूर्णांक एकतीस मापं, म्हणजे शिवणकामापेक्षा जास्त फक्त शून्य पूर्णांक एकतीस. उरलेल्या सतरांच्या कार्डांच्या जागी त्याने पेन्सिलीने तीच सरासरी भरली. हात थांबला नाही.

रविवारी अकरा वाजता तो चौकटीचा कागद घेऊन बहिणीच्या खोलीवर गेला.

"पदवीला घातलेला पैसा भरून यायला एकोणीस वर्षं चार महिने लागतील," तो म्हणाला. "दातांच्या कामाला घातलेला, दोन वर्षं चार महिने."

"चार महिने दोन्हीकडे आहेत, ते सोडून दे," बहीण म्हणाली. "म्हणजे एकोणीस आणि दोन?"

"ढोबळ मानाने."

"तू ढोबळ मानाने म्हणालास म्हणजे फारच झालं."

बटणने कागद ओढून घेतला. "पत्रं किती पाठवलीस?"

"एकतीस."

"आली किती?"

"चौदा."

"मग सतरा जण कुठे गेले?"

"त्यांची उत्तरं आली नाहीत."

"त्यांचं काय धरलंस?"

"चौदांची सरासरी."

"का?"

"तशी पद्धत आहे."

"कुणाची पद्धत?"

तो खिशातली पेन्सिल चाचपत राहिला. ती म्हणाली, "मामा, तीन प्रश्नांचं कार्ड लिहायलाही ज्याला वेळ नाही, तो माणूस काय करत असेल?"

"आळस करत असेल. आळशी लोक सगळीकडे असतात."

"नाही तर कामात असेल."

"बटण, तुला जायचंय म्हणून तुला ते सतरा दिसतात."

"आणि तुला फक्त चौदा दिसतात ते कशामुळे?"

"मामाशी नीट बोल," आई म्हणाली.

त्याला राग आला नव्हता. त्याने तिच्या बोलण्याकडे एका नियमाने पाहिलं, आणि नियम चांगला होता: ज्याचं हित गुंतलेलं आहे त्याचा युक्तिवाद जरा कमी वजनाने घ्यावा. स्वतःच्या मनाला त्याने हाच नियम लावला होता. पोरीला का लावू नये? तो पक्षपात टाळत होता. त्याच्या मते तो त्या खोलीतला एकमेव माणूस होता ज्याला काही नको होतं.

"झालं तर," बहीण म्हणाली. "दादा खोटं सांगायचा नाही."

"खोटं कुठे म्हणतेय मी," बटण म्हणाली, आणि कागदाची घडी घालून तिने तो मामाला परत दिला.

जागा पुढच्याला गेली. भरपाईतली अकरा मापं दातवाल्यांना दिली. पोरगी मार्गी लागली म्हणून उरलेल्यातून बहिणीने रस्त्यावर एक गाळा घेतला; अनामत भरली, दुसरं मशीन आणलं. गाळ्यात आलेली पहिली गिऱ्हाईक बाई म्हणाली, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. तुमच्या मुलीचं भरेल बघा." बहीण हसली. दोन वर्षांत ती पहिल्यांदा हसली, असं भावाने टिपून ठेवलं.

चार महिने गेले. पाचव्या महिन्यात शहराची गळती अडतीस टक्क्यांवर गेली आणि पाणीपुरवठ्याने बाहेरची सल्लागार कंपनी बोलावली. तीन माणसं आली. त्यांची प्रमुख बाई दारातच थबकली. कॉलेजात ती तिसऱ्या बाकावर बसायची.

"अरे! तू इथे?"

"तेवीस वर्षं."

"तुझं पत्र आलं होतं. अजून बॅगेत पडलं असेल बघ. उत्तर द्यायचं राहूनच गेलं. त्या महिन्यात मी चारच दिवस घरी होते रे. काय करत होतास, सगळ्यांना एकत्र जमवत होतास?"

"नाही. सरासरी काढत होतो."

ती मोठ्याने हसली आणि खुर्ची ओढून कामाला बसली. तासाभराने तिने गल्लीवार तक्त्यावर बोट ठेवलं. "हे काय? इतक्या घरांचा आकडा एकसारखा कसा?"

"ती बंद घरं. त्यांना उघड्या घरांची सरासरी लावतो."

"कोण लावतं?"

"मी."

तिने त्याच्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती तिच्या नजरेत. असती तर बरं झालं असतं. "दार बंद का आहे ते तरी आधी विचारायचं ना. अरे, हे तर परीक्षेच्या आधी तूच मला समजावलं होतंस. जिन्यावर बसून. माझा तो प्रश्न तुझ्यामुळे सुटला होता."

तो उठला. बाहेर व्हरांड्यात जाऊन परत आला. मग टेबलाच्या खणातून त्याने वर्गाची यादी काढली आणि तिच्यापुढे धरली. जिथे कार्ड आलं नव्हतं तिथे त्याने तेव्हा पेन्सिलीने फुल्या केल्या होत्या.

"यांतले कोण तुझ्या माहितीत आहेत?"

"बरेच आहेत की. हा विमा कंपनीत. अपघाताची शक्यता काढतो. आता त्याच्या हाताखाली साठ माणसं. ही वादळांचे अंदाज काढते. हा विमानांची वेळापत्रकं बसवतो, हा माणूस तर फोनही उचलत नाही. हा..." तिचं बोट खाली आलं. "हा गेला. आणि ही पण, दोन वर्षं झाली. तुला कळलं नाही?"

"नाही. मी दोघांनाही पत्र पाठवलं होतं."

अकरा जणांचं तिला ठाऊक होतं. पगार तिने अंदाजाने सांगितले. लाजत सांगितले, कारण आपला सांगितल्यावर तिला त्याचा विचारावासा वाटला आणि मग वाटला नाही. दोघं वारलेले. चौघांचा पत्ता तिलाही नव्हता. जेवायच्या सुट्टीत सगळे गेल्यावर त्याने एका कोऱ्या मीटरपत्रकाच्या पाठीवर हिशेब पुन्हा केला. पदवीचा पैसा भरून यायला तीन वर्षं दोन महिने. वारलेल्यांचं काय करावं, इथे तो थोडा थांबला. मेलेल्या माणसाला मोजणीतून काढायचं, की त्याचा पगार शून्य धरायचा? दोन्हीला आधार आहे. त्याने शून्य धरून पाहिलं. तरी तीन वर्षं सात महिनेच आले.

संध्याकाळी तो बहिणीच्या गाळ्यात गेला. ती शिवत होती.

"आकड्यात चूक होती," तो म्हणाला.

"कुठल्या?"

"पोरीच्या."

मशीन चालूच राहिलं. "एकोणीसचे किती झाले?"

"तीन."

टाके संपेपर्यंत ती थांबली नाही. मग तिने सुई वर उचलली. "चूक कुणाची?"

"माझी."

"मग पैसे परत येतील?" तिने हे टोचून विचारलं नव्हतं. टपालाच्या खिडकीशी माणूस विचारतो तसं तिने खरंच विचारलं होतं. त्याने नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, "मग आता मला आकडे सांगू नकोस, दादा. मागच्या आकड्यावर मी तिच्या बापाचे पैसे लावले."

दातांचा कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत दातवाले, त्यांचं टेबल, आणि दंतवैद्यांकडून आलेले लोकांच्या जबड्यांचे ठसे, नावाच्या चिठ्ठ्या लावलेले. मागच्या खोलीत चार दिवे, चार स्टुलं, घासायची चार यंत्रं. प्रत्येक टेबलावर पांढऱ्या धुळीचा थर. दुपारच्या सुट्टीत तो तिथे गेला तेव्हा बटण तोंडाचं फडकं खाली ओढून पाणी पीत होती. भुवयांवर धूळ बसली होती. अठरा वर्षांची मुलगी चाळीस वर्षांची दिसत होती.

"दिवसभर लोकांचे दात घासते, मामा," ती म्हणाली. "बरं आहे, तोंडं सोबत येत नाहीत."

त्याने सगळं सांगितलं. अकरा जण, दोघं, चौघं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही.

"माहीत होतं मला," ती म्हणाली.

"बोलली होतीस तू."

"हो."

तेवढ्यावर ती थांबली, आणि पुढचं जे ऐकायची तयारी करून तो आला होता ते तिने म्हटलंच नाही. मग त्याने आपला बेत सांगितला. विद्यापीठाचा नियम होता, शाळा सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत प्रवेश घ्यायचा; म्हणजे पुढच्या वर्षी एक संधी होती. करार मोडायचा तर दातवाल्यांना बारा मापं द्यावी लागणार, पदवीला छत्तीस. मिळून अठ्ठेचाळीस. त्याच्या भविष्यनिर्वाह निधीत एक्कावन्न होती.

"आणि म्हातारपणी तू काय खाशील?"

"तीन."

ती हसली. फडक्याच्या कडेने तिने भुवया पुसल्या. "खरंच मिळतील?"

"अर्ज करायचा. सहा आठवडे लागतात."

"नक्की?"

नेहमी तो म्हणाला असता, 'पाच ते आठ, आधीच्या अर्जांवरून.' या वेळी तो म्हणाला, "नक्की."

निधीतून पैसे काढायच्या अर्जावर कारणांची यादी छापलेली असते: स्वतःचे आजारपण, स्वतःचे घर, स्वतःच्या अपत्याचे शिक्षण. यांपैकी एकावर खूण करायची. त्याने तिन्ही सोडून समासात लिहिलं, 'भाचीचे शिक्षण.' साहेबाने अर्ज पाहिला आणि चष्मा काढला.

"अहो, भाची कशाला? अपत्यावर खूण करा आणि मोकळे व्हा."

"ती माझी मुलगी नाही."

"ते मला माहीत आहे. फॉर्मला माहीत नाही."

"पण ते खोटं होईल."

"तेवीस वर्षं गळतीचा आकडा देताय, तो काय खरा होता?" साहेबाने हे चिडून म्हटलं नाही. तो भला माणूस होता. त्याला मदत करायची होती.

दशांशने अर्ज टेबलावर आणला. दुसरा मार्ग आहे का ते त्याने चार दिवस पाहिलं. बँकेने तारण मागितलं. त्याच्या खोलीत एक पलंग, एक कपाट आणि एक प्रबंध होता. पाचव्या दिवशी त्याने नवा अर्ज घेतला, 'स्वतःच्या अपत्याचे शिक्षण' यावर खूण केली आणि अपत्याच्या नावापुढे बटणचं नाव लिहिलं. पेन्सिलीने लिहून मग त्यावर शाई फिरवली, आणि अक्षर जरा वाकडं आलं. कोऱ्या जागेत काहीतरी भरायचं काम त्याने तेवीस वर्षं केलं होतं, पण जाणूनबुजून खोटं त्याने पहिल्यांदाच भरलं.

बटणने दातवाल्यांना सांगून ठेवलं. दातवाले म्हणाले, पैसे आले की कागद फाडू, तोवर दिवे चार आणि माणसं चार, एकही कमी व्हायचं नाही. तिने पुन्हा पुस्तकं काढली. रविवारी मामा यायला लागला. बहीण त्या दोघांकडे पाठ करून शिवत बसायची, पण त्या वेळात ती मशीन हळू चालवायची.

उत्तर सहा नाही, अकरा आठवड्यांनी आलं. मुख्य कार्यालयाचा कागद, वर क्रमांक, खाली गोल शिक्का:

'उपरोक्त अर्जाची सेवापुस्तकाशी पडताळणी केली असता अर्जदारास अपत्य असल्याची नोंद आढळून आली नाही. सबब अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. अर्जदाराने सत्यास धरून नसलेले विधान केल्याने त्यांस लेखी समज देण्यात येत असून, निधीतून रक्कम काढण्याची मुभा पुढील तीन वर्षांकरिता स्थगित ठेवण्यात येत आहे. अर्जदाराची तेवीस वर्षांची निष्कलंक सेवा विचारात घेऊन याहून कठोर कारवाई करण्यात आलेली नाही.'

त्या दिवशी बटणने एकवीस दात घडवले.